लहान सांस्कृतिक अनुदाने: गटांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान अनुदान म्हणजे नेमके काय, आणि ते किती लहान असते?

ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीत खर्च करण्यासाठी दिलेला आणि परत न करावयाचा पैसा म्हणजे अनुदान. परतफेड नसल्यामुळे ते कर्ज ठरत नाही. पुरस्कार झालेल्या कामाबद्दल मिळतो, अनुदान व्हावयाच्या कामासाठी मिळते. प्रायोजकाला पैशाच्या बदल्यात प्रसिद्धी हवी असते, अनुदान देणाऱ्याला काम झालेले हवे असते.

‘लहान’ या शब्दाचा अर्थ मात्र देणाऱ्यागणिक बदलतो. 2009 मध्ये बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या ऑसम फाउंडेशनच्या पद्धतीत साधारण दहा जण दरमहा प्रत्येकी 100 डॉलर काढतात आणि जमलेले 1,000 डॉलर एखाद्या कल्पनेला कोणत्याही अटीविना देतात. दुसऱ्या टोकाला युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक वैविध्य निधी आहे. त्यातून एका प्रकल्पाला 1,00,000 डॉलरपर्यंत मदत मिळू शकते, आणि एखाद्या वस्तीतील गटाला ती रक्कम डोंगराएवढी वाटेल. आमच्या मते व्यवहारातील कसोटी अशी असावी की, जी रक्कम सांभाळण्यासाठी गटाला स्वतंत्र हिशेबनीस नेमावा लागत नाही, ती लहान.

आमचे काम ‘सांस्कृतिक प्रकल्प’ या व्याख्येत बसते का?

बहुतेक वेळा बसते. गटांनाच ते ठाऊक नसते. युनेस्कोने 2003 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2006 मध्ये अमलात आलेल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या करारात पाच क्षेत्रे सांगितली आहेत: मौखिक परंपरा, प्रयोगकला, सामाजिक चालीरीती व उत्सव, निसर्ग आणि विश्वाविषयीचे पारंपरिक ज्ञान, आणि हस्तकौशल्य. गोष्टी सांगणे, वाद्य बनवणे, बीज राखण्याची रीत जपणे, विणकामाचे नमुने नोंदवणे हे सारे त्यात येते. त्याच करारानुसार एखादी गोष्ट वारसा आहे की नाही हे ओळखण्यात त्या समूहाचा स्वतःचा वाटा असतो. तज्ज्ञाने बाहेरून शिक्का मारला म्हणजे वारसा ठरला, असे नाही.

जुन्याचे जतन म्हणजेच संस्कृती, असेही नाही. स्थलांतरित मुलांनी आपल्या नव्या वस्तीविषयी रचलेले नाटक किंवा भिंतीवर मिळून काढलेले चित्र हेही तितकेच पात्र आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 27 वे कलम प्रत्येकाला समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने सहभागी होण्याचा हक्क देते. अर्ज लिहिताना संकोच वाटत असेल, तर हे कलम एकदा आवर्जून वाचावे. आपण उपकार मागत नाही.

असा निधी देतो तरी कोण?

शासनाचे सांस्कृतिक विभाग, स्वायत्त कला परिषदा, स्थानिक स्वराज्य संस्था, खासगी न्यास, आंतरराष्ट्रीय निधी, आणि आता लोकवर्गणीतून उभे राहिलेले छोटे मंच. कोणाच्या दाराशी जायचे हे ठरवताना त्या दारामागचा इतिहास माहीत असलेला बरा. ब्रिटनमध्ये 1940 साली युद्धाच्या धामधुमीत कला आणि संगीताला उत्तेजन देणारी एक समिती स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या काळात हौशी गटांच्या कामाला चांगले स्थान होते. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स तिचे अध्यक्ष झाल्यानंतर भर व्यावसायिक दर्जाकडे सरकला, आणि 1946 मध्ये त्याच समितीतून ग्रेट ब्रिटनची कला परिषद उभी राहिली. त्या परिषदेमुळे एक मोलाचे तत्त्व रुजले: पैसा सरकारचा असला तरी कोणत्या कलेला तो द्यावा हे मंत्र्याने ठरवू नये. मात्र मोठा निधी मोठ्या संस्थांकडे वळतो, हेही तिथे दिसले. तळातल्या गटांसाठी वेगळ्या, लहान अनुदानांची गरज पडते ती यामुळेच.

अमेरिकेत 1965 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कला निधीच्या अनुदानाच्या रकमेपैकी 40 टक्के भाग राज्ये आणि प्रादेशिक संस्थांकडे जातो. त्यामुळे लहान गटाने मुख्य कार्यालयापेक्षा जवळच्या परिषदेकडे आधी चौकशी केलेली बरी. हे इतरत्रही बहुधा खरे ठरते. जो निधी आपल्या जवळ आहे, त्याचा अर्ज छोटा असतो आणि प्रश्न विचारायला माणूस भेटतो.

आमचा गट नोंदणीकृत नाही. अर्ज करता येईल का?

काही ठिकाणी थेट करता येतो. ब्राझीलचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. तेथे 2004 मध्ये, संगीतकार जिल्बेर्तो जिल सांस्कृतिक मंत्री असताना, ‘संस्कृतिबिंदू’ नावाची योजना सुरू झाली. शरीरातील नेमक्या बिंदूंवर दाब दिला की सुप्त शक्ती जागी होते, त्याप्रमाणे समाजात आधीपासून चालू असलेल्या सांस्कृतिक कामाला थोडे बळ द्यावे, अशी त्यामागची कल्पना होती. नवे केंद्र बांधायचे नव्हते. जिथे लोक आधीच जमतात ते ठिकाण ओळखायचे होते. पण सरकारी हिशेबाचे नियम मोठ्या कंत्राटांसाठी बनलेले असल्याने अनेक लहान गट कागदपत्रांत अडकले. 2014 मध्ये या योजनेसाठी स्वतंत्र कायदा झाला, हिशेबाची रीत सोपी करण्यात आली आणि कायदेशीर नोंदणी नसलेल्या गटांनाही संस्कृतिबिंदू म्हणून मान्यता मिळण्याची वाट मोकळी झाली.

जिथे नोंदणी सक्तीची आहे, तिथे एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या आधाराने अर्ज करता येतो. अशी आधारसंस्था पैसा आपल्या खात्यात घेते, हिशेबाची जबाबदारी उचलते आणि त्याबद्दल रकमेचा काही हिस्सा आपल्या खर्चापोटी ठेवू शकते. हा व्यवहार तोंडी ठेवू नये. पैसा किती दिवसांत गटाला मिळेल, संस्था किती ठेवील, खरेदी केलेल्या वस्तू कोणाच्या मालकीच्या राहतील आणि ध्वनिमुद्रणांवर हक्क कोणाचा, एवढे चार मुद्दे एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. आधारसंस्थेशी मैत्री असली तरीही हे करावे, किंबहुना ती मैत्री टिकावी म्हणूनच करावे.

अर्ज कसा लिहावा?

बोलल्यासारखा, पण नेमका. निवड करणारे एका बैठकीत कितीतरी अर्ज वाचतात. ‘संस्कृतीचे संवर्धन व सामाजिक ऐक्याचे दृढीकरण’ असे वाक्य त्यांनी त्याच दिवशी अनेकदा वाचलेले असते. त्याऐवजी असे लिहावे: ‘आमच्या वस्तीत जुनी श्रमगीते पूर्ण म्हणता येणाऱ्या बारा वयस्कर स्त्रिया आहेत. आठ महिने, आठवड्यातून एक संध्याकाळ, त्या वीस मुलामुलींना ही गाणी शिकवतील. गाण्यांचे ध्वनिमुद्रण होईल, शब्द लिहून घेतले जातील आणि शेवटी मुले वस्तीसमोर ती म्हणतील.’ या तीन वाक्यांत कोण, काय, किती काळ, कोणासाठी आणि हाती काय उरेल हे सारे आले. पुढच्या उत्तरांतही हेच उदाहरण वापरले आहे.

यानंतर एका प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे: हे काम आत्ताच का? त्या बारा जणींपैकी कितीजणी सत्तरीच्या पुढे आहेत, हे लिहिले तर वेगळे कारण द्यावे लागत नाही. मग अडचणीही लिहाव्यात. पावसाळ्यात जागा मिळणार नाही किंवा परीक्षेच्या महिन्यात मुले येणार नाहीत, हे आधीच सांगणारा अर्ज कमकुवत दिसत नाही. उलट लिहिणाऱ्याने वेळापत्रक खरोखर मांडून पाहिले आहे, हे त्यातून कळते.

अर्ज पूर्ण झाल्यावर तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. हा सल्ला आम्ही सर्वांत आग्रहाने देतो. ‘आम्ही असे कुठे म्हटले?’ असा प्रश्न त्या बैठकीत आला, तर अर्ज दुरुस्त करायला वेळ असतो. अनुदान मिळाल्यानंतर तोच प्रश्न आला, तर प्रकल्प मोडतो.

अंदाजपत्रकात काय धरावे?

अर्ज बहुधा याच पानावर घसरतात. गटांना वाटते की कमी रक्कम मागितली तर मिळण्याची शक्यता वाढेल. अनुभवी परीक्षक अपुरे अंदाजपत्रक पाहून सावध होतात, कारण काम अर्ध्यावर थांबण्याची चिन्हे त्यात दिसतात.

वरील गाण्यांच्या प्रकल्पाची एकूण रक्कम शंभर भाग मानू. त्यांतील चाळीस भाग शिकवणाऱ्या स्त्रियांच्या मानधनासाठी, पंधरा संयोजन करणाऱ्या व्यक्तीसाठी, बारा ध्वनिमुद्रणाच्या साधनांसाठी किंवा त्यांच्या भाड्यासाठी, दहा शब्द लिहून घेणे व छपाईसाठी, आठ प्रवास आणि अल्पोपाहारासाठी, सात शेवटच्या सादरीकरणासाठी, पाच हिशेब, फोन, बँक व कागदपत्रांसाठी आणि तीन आकस्मिक खर्चासाठी ठेवता येतील. ही वाटणी म्हणजे नियम नव्हे. पण माणसांच्या श्रमाला निम्म्याहून अधिक वाटा गेला आहे, हे पाहावे. सांस्कृतिक काम माणसे करतात; यंत्रसामग्रीने भरलेले अंदाजपत्रक पाहिले की काम कोण करणार हा प्रश्न पडतो.

प्रत्येक आकड्याशेजारी तो कसा आला ते लिहावे: किती व्यक्ती, किती सत्रे, एका सत्राचा दर. ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम ठेवू नये. अपंग व्यक्तींना येता यावे यासाठी लागणारा खर्च, तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय आणि दुभाष्याचे मानधन या बाबी हटकून विसरल्या जातात. त्या विसरल्या की काही माणसे प्रकल्पाबाहेर राहतात, आणि कोण राहिले हे नंतर कोणाच्या लक्षातही येत नाही.

लोक प्रेमाने काम करतात. मग मानधन कशाला?

प्रेमाने करतात हे खरे आहे, आणि त्या प्रेमाचा आम्हाला मनापासून आदर आहे. तरीही मानधन धरावे. छपाई करणाऱ्याला, मंडपवाल्याला, ध्वनिमुद्रकाला पैसे मिळतात आणि ज्यांच्या स्मरणात ती गाणी आहेत त्यांना मात्र शाल आणि फूल मिळते, हे न्याय्य नाही. विनामोबदला वेळ देणे ज्याला परवडते, तोच अशा कामात टिकतो. रोजंदारीवर जगणारी स्त्री संध्याकाळ देते तेव्हा ती काहीतरी गमावत असते, आणि ते अंदाजपत्रकात दिसलेच पाहिजे.

एखाद्या समूहात अशा ज्ञानासाठी पैसे घेणे अनुचित मानले जात असेल, तर त्यांनाच विचारावे. कधी प्रवासखर्च आणि औषधपाणी चालते, कधी समूहाच्या सामाईक कामासाठी रक्कम दिलेली आवडते. परस्पर ठरवून मोकळे होऊ नये.

स्वहिस्सा मागितला आहे आणि आमच्याकडे पैसा नाही. काय करावे?

अनेक निधी काही रक्कम गटाने स्वतः उभी करावी अशी अट घालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीच्या बहुतेक अनुदानांत जेवढे अनुदान तेवढाच स्वहिस्सा मागितला जातो. बऱ्याच ठिकाणी हा हिस्सा रोखीऐवजी वस्तू किंवा श्रमाच्या रूपात दाखवता येतो. विनाभाडे मिळालेली जागा, स्वयंसेवकांचे तास, उसनी वाद्ये यांचे बाजारभावाने मूल्य लिहावे आणि पुरावा म्हणून जागा देणाऱ्याचे पत्र किंवा तासांची सही केलेली नोंदवही ठेवावी. अट फक्त रोखीची असेल आणि ती झेपत नसेल, तर कर्ज काढून ती पूर्ण करू नये. दुसरा निधी शोधावा.

एकाच प्रकल्पासाठी दोन ठिकाणी अर्ज करता येतो का?

येतो, मात्र दोघांनाही तसे कळवावे. दोन्हीकडून मंजुरी मिळाली तर एकच पावती दोन हिशेबांत लावता येत नाही. कोणता खर्च कोणत्या निधीतून, हे आधी वाटून घ्यावे.

गाणी, गोष्टी, छायाचित्रे यांवर हक्क कोणाचा?

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गीत बहुधा स्वामित्वहक्काच्या चौकटीबाहेर असते. 1886 च्या बर्न करारावर आधारलेले कायदे ज्ञात लेखकाच्या कृतीला त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान 50 वर्षे संरक्षण देतात. ज्या गीताचा कर्ता अज्ञात आणि समूह हाच धनी, त्याला ही चौकट अपुरी पडते. परंतु त्या गीताचे आज केलेले ध्वनिमुद्रण आणि ते गाणाऱ्या व्यक्तीचे सादरीकरण यांना 1961 च्या रोम करारापासून वेगळे हक्क मान्य झालेले आहेत. म्हणजे गाणे कोणाचेच नाही असे समजून ध्वनिमुद्रण हवे तसे वापरता येत नाही.

कायद्यापलीकडची बाब अधिक नाजूक आहे. काही गाणी केवळ स्त्रियांमध्येच म्हणायची असतात, काही विशिष्ट प्रसंगीच, काही बाहेरच्यांसमोर म्हणायचीच नसतात. युनेस्कोच्या समितीने 2015 मध्ये अमूर्त वारशासाठी बारा नैतिक तत्त्वे मान्य केली. समूहाला आधी पूर्ण माहिती देऊन, दबावाविना, त्याची संमती घ्यावी असे त्यांत म्हटले आहे, आणि काय गुप्त ठेवायचे याबाबतच्या रूढींचा आदर करण्यासही सांगितले आहे. म्हणून संमतिपत्र त्यांच्या भाषेत असावे. वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करावी आणि संमती मागे घेण्याची सोय ठेवावी. मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत समूहाकडेच राहावी. अनुदान देणाऱ्याच्या करारात ‘सर्व साहित्याचे हक्क आमचे’ असे कलम असेल, तर सही करण्यापूर्वी ते बदलून मागावे. लहान गटांना हे धाडस वाटते, पण मागितल्यावर ते कलम बदललेले आम्ही पाहिले आहे.

निवड कशी होते? ओळख असावी लागते का?

चांगल्या व्यवस्थेत आधी पात्रता तपासली जाते आणि नंतर त्या क्षेत्रातील जाणकारांची समिती जाहीर केलेल्या निकषांवर गुण देते. ज्या सदस्याचा अर्जदाराशी संबंध आहे, त्याने त्या चर्चेतून उठून जाणे अपेक्षित असते. निकष आणि समितीची रचना विचारण्याचा अर्जदाराला अधिकार आहे, आणि विचारल्याने अर्जाचे नुकसान होईल अशी भीती बाळगू नये.

अलीकडे काही निधी निर्णय थेट लोकांकडे सोपवतात. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा काही भाग नागरिकांच्या सभांमधून ठरवण्यास सुरुवात केली, आणि ही पद्धत पुढे जगभर पसरली. तीत ज्यांना पैसा मिळणार ते आणि ज्यांना मिळणार नाही ते समोरासमोर बसतात, त्यामुळे निर्णय पटण्याची शक्यता वाढते. उणीवही आहे: ज्या गटाचे शेजारीपाजारी संख्येने जास्त, त्याचे पारडे जड होते. अल्पसंख्य भाषा आणि उपेक्षित कलांसाठी काही वाटा राखून ठेवल्याशिवाय ही पद्धत न्याय्य ठरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्ज नाकारला गेला. पुढे काय?

कारणे लेखी मागावीत. ‘निधी अपुरा होता’ आणि ‘अंदाजपत्रक पटले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. पहिल्यात पुन्हा तोच अर्ज करता येतो, दुसऱ्यात तो दुरुस्त करावा लागतो. ज्यांनी अर्जासाठी वेळ दिला, त्यांना नकार आपण स्वतः जाऊन सांगावा.

पैसा कधी हाती येतो?

बहुधा हप्त्यांनी: करारानंतर मोठा हिस्सा, मध्यावरील अहवालानंतर दुसरा, आणि अंतिम हिशेबानंतर उरलेला. शेवटचा हप्ता येण्यापूर्वीच सगळा खर्च झालेला असतो, हे ध्यानात ठेवावे आणि ती पोकळी कशी भरणार ते आधी ठरवावे. काही निधी ‘आधी खर्च करा, मग भरपाई घ्या’ असे सांगतात. हाती शिल्लक नसलेल्या गटासाठी ही अट म्हणजे नकारच होय. तेव्हा आगाऊ रक्कम मिळेल का, हे अर्ज करण्याआधी विचारावे.

काम चालू असताना योजना बदलावी लागली, तर बदल करण्याआधी कळवावे. एखादी गायिका आजारी पडली, जागा गेली, मुले कमी आली, हे घडतच असते. अधिकारी रागावतील म्हणून गप्प बसणारे गट शेवटी हिशेबात अडचणीत येतात. दोन ओळींच्या पत्राने ही अडचण टळते.

हिशेब आणि अहवाल कसा ठेवावा?

एक वही, एक पाकीट आणि दोन सह्या. प्रत्येक खर्च त्याच दिवशी वहीत लिहावा, पावती क्रमांक घालून पाकिटात ठेवावी आणि पैसे काढताना दोघांची सही लागेल अशी बँकेत सोय करावी. पावती मिळत नसेल तिथे पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेले व्हाउचर बनवावे. दर महिन्याला ही वही गटाच्या बैठकीत सर्वांसमोर वाचावी. अनुदान देणाऱ्याने मागितले म्हणून नव्हे. गटात पैशावरून उठणारी कुजबूज अशा वाचनाने थांबते.

अहवालात किती लोक आले हे लिहावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. वीस मुलांपैकी चौदा टिकली, तर सहा का गेली? कोणते गाणे मुलांनी घरी जाऊन म्हटले? शिकवणाऱ्या स्त्रियांना काय वाटले? फसलेली गोष्टही लिहावी. ‘सर्व उद्दिष्टे यशस्वीपणे पूर्ण झाली’ असे सांगणाऱ्या अहवालातून पुढच्या गटाला काहीच शिकता येत नाही.

अनुदान संपल्यावर काम बंद पडले तर?

प्रत्येक काम कायम चालले पाहिजे, हा आग्रह आम्हाला मान्य नाही. आठ महिन्यांत वीस मुलांनी गाणी शिकणे हे स्वतःपुरते पूर्ण काम आहे. पुढे चालवायचे असेल, तर शेवटच्या महिन्याऐवजी मध्यावरच विचार सुरू करावा: कोणता भाग पैशाविना चालेल, कोणता चालणार नाही. साप्ताहिक बैठक बहुधा चालते, मानधन आणि छपाई थांबते. त्यांच्यासाठी पुढचा अर्ज करताना पहिल्या प्रकल्पाची वही, ध्वनिमुद्रणे आणि अहवाल सोबत जोडावेत.

आम्हाला स्वतःच असा छोटा निधी सुरू करायचा आहे. कोणती काळजी घ्यावी?

रक्कम लहान असेल तर अर्जही लहान ठेवावा. थोड्या रकमेसाठी वीस पानांचा अर्ज आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण मागितले, तर अर्जदारांचा त्यावर खर्च झालेला वेळ मोजल्यास तो अनुदानाहून महाग पडू शकतो, आणि न मिळालेल्यांचा वेळ तर वायाच जातो. दोन पानी अर्ज, तोंडी किंवा ध्वनिमुद्रित अर्जाची सोय, लोकांच्या भाषेत माहिती आणि निकालाची ठरलेली तारीख, एवढे तरी असावे. मंजूर रकमेचा मोठा हिस्सा आधी द्यावा. भेट द्यायला जाल तेव्हा फलकावर आपले नाव आहे का हे पाहण्याआधी, बसून एखादे गाणे पूर्ण ऐकावे.